गावपळणीतली दुपार

तंबूची चौथी खुंटी वाळूत काही केल्या राहीना. दिगूनं ती दगडानं ठोकली, शिव्या घालून ठोकली, शेवटी तिच्यावर स्वतःच बसला. आजूबाजूच्या खोपींतून हसण्याचा नुसता कल्ला उठला.

"दिगू, मेल्या, सर्कस कधी सुरू होतली?" कोणीतरी ओरडलं.

"वाघीण इली मुंबैसून, आता सुरूच म्हण!" दुसऱ्यानं उत्तर दिलं.

वाघीण म्हणजे मी. चार वर्षांच्या मुक्ताला कडेवर घेऊन मी सुरूच्या झाडाखाली उभी होते आणि मनातल्या मनात माझ्या नवऱ्याला कच्चा खात होते. ऑफिसातल्या कुणा डोंगर चढणाऱ्या मित्राचा निळा तंबू मागून आणायची कल्पना त्याची. "माझी बायको-मुलगी झावळांच्या खोपीत कशी राहणार," हेही त्यानंच सगळ्यांना सांगितलेलं. म्हणजे नखरे त्याचे आणि नाव माझं.

ही सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आसरवणे हे माझं सासर. दर तीन-चार वर्षांनी ग्रामदैवताचा कौल झाला, की अख्खं गाव तीन दिवस आणि तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. ढोल वाजला की चुली विझवायच्या, दारं ओढून घ्यायची आणि खाडीवरचा लाकडी साकव ओलांडून समुद्राकाठी यायचं. मग गावात फक्त देव. चौथ्या दिवशी पुन्हा कौल लागेपर्यंत कुणीही, कशासाठीही आत पाऊल टाकायचं नाही. याला गावपळण म्हणतात.

मी डोंबिवलीची. मला हे सगळं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गंमत वाटली होती. पण रात्रभराच्या बसची दगदग, मुक्ताची सर्दी आणि वर डोक्यावरून गाद्या वाहून नेणं, यात गंमत कुठल्या कुठे गेली. साकव ओलांडताना मी दिगूला म्हणाले, "देवाला एवढा एकांत हवा असतो तर त्यानंच जावं की चार दिवस कुठेतरी."

पुढे चालणारे दादा थांबले. दादा म्हणजे दिगूचे मोठे भाऊ, जगन्नाथ. आवाज न चढवता बोलणारा माणूस, आणि अशाच माणसांची मला भीती वाटते.

"वीणा," ते म्हणाले, "तुका पटत नसात तर ता तुझ्याकडे ठेव. पण एक ध्यानात धर. परत जाताना वेशीत पयलो नारळ आमच्या घरचो. देवीची पयली ओटी आयेची. पाच पिढ्यांचो मान आसा. आमच्या घरातसून चूक झाली, तर तोंड दाखवूक जागा उरूची नाय."

प्रमिला वैनी, त्यांची बायको, माझ्याकडे बघून हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. त्या नजरेचा अर्थ मला चांगला कळत होता. ही काहीतरी घोळ घालणार, असा तिचा अर्थ होता.

माझी सासू मात्र न थांबता पुढे गेली. तिला सगळे आये म्हणत, मीही म्हणायची. डोक्यावर पाण्याची कळशी, काखेत कोंबडीची पाटी, मागे दाव्याला बांधलेली गाय, असा सगळा संसार ओढत ती चालली होती. तिला मी आठ वर्षांत कधी बसलेली पाहिली नव्हती. जेवायलासुद्धा ती उकिडवी बसे, म्हणजे कुणी हाक मारली की उठायला सोपं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला कळलं, की मुक्ताचा पंप घरी राहिलाय.

मुक्ताला दमा होता. थंडीत, धुळीत, कशानंही छाती भरायची, आणि तो तोंडात धरून ओढायचा पंप मिळाला की दहा मिनिटांत पोरगी उड्या मारायला लागायची. पंप मी स्वतः स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला होता, निघताना पटकन हाताशी यावा म्हणून. आणि निघताना तंबूच्या काठ्या मोजत बसले. मी तंबू उलटापालटा केला, सगळ्या पिशव्या वाळूवर ओतल्या, मोठमोठ्यानं दिगूला बोल लावला. चार खोपींपलीकडेही ऐकू गेलं असेल.

"घरी ऱ्हवलो तर ऱ्हवलो," वैनी म्हणाल्या. "आता दोन दिवस थय पाय ठेवूचो नाय. गावलो तर तालुक्याच्या दुकानात गावतलो."

दादा आणि दिगू स्कूटरवरून तालुक्याला निघालेच होते. तांदूळ, बत्तीचे मेंटल आणि काय काय आणायचं होतं. दिगू म्हणाला, "औषधाच्या दुकानातून नवा आणतो. संध्याकाळपर्यंत येतोच. काय लगेच होत नाही तिला."

त्याच्या या वाक्यावर मी आयुष्यात किती वेळा विश्वास ठेवलाय, देव जाणे.

दुपारची जेवणं झाली. आयेनं भांडी वाळूनं घासली, पदर खोचला आणि म्हणाली, "मी तांडेलाच्या मांडवात भाकऱ्यो भाजूक जातंय. थय रात्रीक भजन आसा." ती गेली. वैनी खोपीत आडव्या झाल्या. किनाऱ्यावर बायकांच्या फुगड्या चालल्या होत्या, पोरं वाळूत खड्डे खणत होती. मुक्ता त्यांच्यातून उठून माझ्याकडे आली आणि काही न बोलता मांडीला टेकली. मला तिथेच कळलं.

अर्ध्या तासात तिच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली. श्वास आत घेताना बरगड्यांखाली खळगा पडत होता. ओठ पांढुरके झाले. मी गरम पाणी पाजलं, पाठ चोळली, उभी धरली. काही उपयोग नाही. दवाखाना तालुक्याला, वाहन एकच आणि ते गेलेलं, एसटी चार वाजता, तीही आली तर.

सासरे, आबा, सुरूच्या बुंध्याला टेकून विडी ओढत होते. त्यांनी विडी टाकून तिला मांडीवर घेतलं.

"आबा, हिला असंच बसतं धरून ठेवा, आडवं करू नका. मी कोणाकडे पंप मिळतो का बघून येते."

"जा, जा. धाव."

मी खरोखर तीन-चार खोपींत विचारलं. कुणी कापूर दिला, कुणी लसूण घातलेलं तेल. एक म्हातारी म्हणाली, उतारा काढ. आणि मी चालत चालत कधी साकवापाशी आले, ते मला आठवत नाही. पलीकडे घर होतं. फळी होती. फळीवर पंप होता. वीस मिनिटांची वाट.

खोटं कशाला सांगू, देवाचा विचार माझ्या मनात आला नाही. आला तो दादांचा. कुणी बघितलं तर काय, हा. मी इकडेतिकडे पाहिलं आणि साकव ओलांडला.

रिकामं गाव मी तेव्हा पाहिलं. ते भयाण वगैरे नव्हतं. ऊन होतं, आंब्याखाली सावली होती, कुणाच्या तरी अंगणात सुपारी वाळत घातलेली तशीच होती. पण कुत्रं भुंकत नव्हतं, कोंबडा नव्हता, कुणाचा खोकला नव्हता. माझ्या चपलांचा आवाज मलाच इतका मोठा वाटायला लागला, की मी त्या काढून हातात घेतल्या. परसातून गेले. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं.

पंप जागच्या जागी होता. मी तो मुठीत घेतला आणि देवाशपथ, तशीच मागच्या मागे निघणार होते. तेवढ्यात पुढच्या पडवीतून करकर असा आवाज आला. आबांचं लाकडी बाकडं कुणी कूस बदलली की असंच वाजायचं.

मी दारातून डोकावले.

बाकड्यावर आये झोपली होती. पाठीवर, उताणी, आरामात. केस सोडलेले, बाकड्यावरून खाली लोंबत होते. हिरव्या लुगड्याचा पदर जमिनीवर पडलेला. एका गुडघ्यावर दुसरा पाय टाकला होता आणि तो पाय हलत होता. डोळे उघडे होते, वर कौलांकडे.

माझ्या हातातली चप्पल खाली पडली. तिनं मान वळवली. दचकली नाही. उठलीही नाही.

"तू?" ती म्हणाली.

"मुक्ताला... तिला श्वास घेता येत नाहीये. पंप न्यायला आले."

आता ती उठून बसली. "किती येळ झालो?"

"तासभर होईल."

"ओठ निळे झाले?"

"नाही. पांढरे."

"मगे वेळ आसा. दिगूकय ह्या वयात असाच होय. तू धाव. आणि वरच्या वाटेन जा, थय खाडी उथळ आसा; साकवावरसून नको. कोणी बघतला."

"आणि तुम्ही? तुम्ही येत नाही?"

"तू फुडे हो," ती म्हणाली. "माका आजून जरा बसूचा हा."

मी बघतच राहिले. नात तिकडे तडफडतेय आणि ही म्हणते, बसायचंय! माझ्या तोंडावर ते दिसलं असणार.

"माझो उपयोग काय थय?" ती म्हणाली. "औषध तुझ्या हातात आसा. जा. तू माका बघलंस नाय, मी तुका बघलंय नाय."

मी पळत सुटले. वाटेत डोक्यात काय काय आलं! आधी वाटलं, म्हातारीनं काही पुरून ठेवलंय, दागिना किंवा काही, आणि गाव रिकामं असताना ते बघायला येते. मग वाटलं, काहीतरी करणी-बिरणी. मग नुसता राग आला. ऊठसूट देव-देव करणारी, दर सोमवारी उपाशी राहणारी बाई, आणि देवाच्या गावात पाय पसरून लोळतेय. आणि वर माझ्या पोरीची तिला पडलेली नाही. खरं सांगते, त्या वीस मिनिटांत मी तिचा जितका तिरस्कार केला तितका आयुष्यात कुणाचा केला नाही.

मुक्ता आबांच्या मांडीवर मान टाकून होती. एक झुरका, दोन झुरके. मी मोजत बसले. पाचव्या मिनिटाला शिट्टी बारीक झाली, दहाव्या मिनिटाला पोरीनं डोळे उघडून शेंगदाण्याचा लाडू मागितला. मी तिला छातीशी धरून मोठ्यानं रडले. आबांनी विचारलं, "गावलो?" मी म्हटलं, "हो, मिळाला." त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

आये तासाभरानं आली. अंबाडा घट्ट बांधलेला, पदर डोक्यावर. मुक्ताच्या कपाळाला हात लावून पाहिलं, तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि चुलीपाशी जाऊन नारळ फोडायला बसली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

ऊन कलता कलता स्कूटर आली. दिगू नव्या पंपाचा खोका नाचवतच आला. "तीन दुकानं फिरलो! शेवटी मिळाला." मग त्यानं मुक्ताच्या हातातला जुना पंप पाहिला आणि बिचारा आनंदानं म्हणाला, "अरे, हा सापडला? कुठे होता?"

वैनी खोपीतून बाहेर आल्या.

"सापडलो?" त्या म्हणाल्या. "सकाळी तर वीणा सांगत होती, फळयेर ऱ्हवलो म्हणान."

"पिशवीत होता," मी म्हणाले. "तळाशी."

एवढ्यावर भागलं असतं. वैनींना पटलं नव्हतं, पण त्यांनी ते मनात ठेवलं असतं आणि वर्षभर पुरवून पुरवून वापरलं असतं. पण त्याच वेळी बाबल तांडेल आला. मासेमारी करणारा साधा माणूस. डोक्यावरचा टॉवेल हातात घेऊन दादांपुढे उभा राहिला.

"जगन्नाथ, सांगूचा की नको असा झाला माका. दुपारी मी खाडीत होडयेर होतंय. तुमच्या घरातली बाईल साकवावरून गावात जाताना बघलंय. हिरवा लुगडा. तोंड दिसला नाय, पण चाल वळाखतंय मी."

माझ्या अंगावर पिवळा पंजाबी ड्रेस होता. वैनींच्या अंगावर लाल साडी. हिरव्या लुगड्यात फक्त एक बाई होती, आणि ती खोबरं किसत होती.

"आये तुमच्या मांडवात होती मां, दुपारी?" दादांनी विचारलं.

"आमच्या मांडवात?" बाबल म्हणाला. "नाय बा."

फुगडी घालणाऱ्या बायका तिथल्या तिथे थांबल्या. आयेनं किसणी बाजूला ठेवली, हात लुगड्याला पुसले आणि उठली.

"गेल्लंय," ती म्हणाली.

"गावात?"

"गावात. घराकडे."

"कित्या?"

तिनं एक क्षण समुद्राकडे पाहिलं. मग म्हणाली, "पोरीचा औषध आणूक. चेडू घुसमाटला होता. बघवला नाय माका."

सगळ्यांच्या नजरा मुक्ताच्या हातातल्या पंपाकडे गेल्या आणि तिथून माझ्याकडे. मी नुकतंच सांगितलं होतं, की तो पिशवीत होता. वैनी तेवढंच धरून बसल्या, "मगे ही पिशवीत म्हणान कित्या सांगता?"

"माका वाचवूक," आये म्हणाली. माझ्यासाठी तिनं दुसरं खोटं बोलून टाकलं, एका दमात, डोळ्याची पापणीही न हलवता. पंप माझ्या हातातून आलेला आबांनी पाहिला होता, पण तो मला आयेनंच दिला असणार, असं त्यांनी धरलं.

दादांचा चेहरा उतरला होता. रागावले नव्हते, त्याहून वाईट होतं ते. पाच पिढ्यांचा मान, आणि तो आईनंच घालवला. पण तेवढ्यातही ते वाट शोधत होते. आता मागे वळून बघते तेव्हा ते मला कळतं. त्यांनी माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात विचारलं, "वीणा, तू पाठवलंस काय आयेक? तुझ्या सांगण्यावरून गेली ती?"

मी हो म्हणायला हवं होतं. एवढंच. मुंबईची सून, रीत माहीत नाही, पोर तडफडताना बघून डोकं फिरलं, सासूला पाठवलं. गावानं मला चार शब्द सुनावले असते, एक नारळ, एक कोंबडा, आणि विषय संपला असता. आयेला फक्त नातीवर माया करणारी म्हातारी म्हणून सोडून दिलं असतं. दादा तेच माझ्या पुढ्यात ठेवत होते. दिगूही हळूच म्हणाला, "सांग ना गं."

आये माझ्याकडे बघत नव्हती. खाली बघत होती.

मला एकाच वेळी हजार गोष्टी आठवल्या. देवाच्या एकांताबद्दल मी केलेली ती आगाऊ चेष्टा. वैनींची नजर. उद्या गावात कुणाची गाय मेली, कुणाची होडी बुडाली, तर कुणाचं नाव निघेल? आणि ते बाकडं, तो हलणारा पाय, "माका आजून जरा बसूचा हा." मी कशाला हिच्यासाठी गळ्यात घेऊ? आणि ही खोलात गेली, बोलता बोलता माझं नाव निघालं, तर?

"नाही," मी म्हणाले. "मी कोणालाच पाठवलं नाही."

त्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

आयेनं मान हलवली, जणू मी बरोबर हिशोब सांगितला. "नाय, तिका आधी काय म्हायत नव्हता," ती म्हणाली. "माझी मीच गेलंय." आणि परत जाऊन किसणीवर बसली.

चौथ्या दिवशी ढोल वाजले, गाव परत आत गेलं. वेशीतला पहिला नारळ दुसऱ्या घरानं फोडला. देवळात आयेला सगळ्यांसमोर पदर पसरून गाऱ्हाणं घालून माफी मागावी लागली. मी तेव्हा मुक्ताला घेऊन मागे, खांबाआड उभी होते. देवीची ओटी वैनींनी भरली. पुढेही त्यांनीच. दादांनी नंतर आईला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही, आणि आबांनी महिनाभर तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. त्या पावसाळ्यात तांडेलांची जाळी वाहून गेली तेव्हा त्यांच्या घरच्या बायकांनी विहिरीवर काय काय म्हटलं, तेही मला पत्रातून कळलं.

मी पुढे सहा-सात वेळा गावी गेले. दर वेळी ठरवायची, आता बोलायचं. दर वेळी आये कामात असायची, आणि मला तेवढंच निमित्त पुरायचं. दिगूला मी सगळं सांगितलं तेही कितीतरी वर्षांनी, आये गेल्यानंतर. तो ऐकून उठला, बाल्कनीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

पुढची गावपळण चार वर्षांनी आली. आयेच्या वाट्याची ती शेवटची. तेव्हा तिचे गुडघे गेले होते, काठी लागत होती. आम्ही तंबू नेला नाही, दिगूनं मुकाट्यानं झावळांची खोप शाकारली. दुसऱ्या दिवशी दुपारी दादा आणि वैनी कुठेसे निघाले होते. वैनींनी मला बाजूला घेतलं.

"वीणा, तू आयेवांगडा बस," त्या म्हणाल्या. "खय जाऊक देव नको. नजर ठेव."

म्हणजे बघा, काम कुणाला मिळालं!

मी खोपीत गेले. आये चटईवर बसून सुपारी कातरत होती. बाहेर बायकांचं हसणं-खिदळणं चाललं होतं. मी समोर बसून सुपारीची खांडं गोळा करत राहिले. मग बोलले ते एकदम, सगळं एकमेकांवर पडत गेलं. मी हो म्हणायला हवं होतं. मी घाबरले. मला तुमचा राग आला होता. मला वाटलं, तुम्ही काहीतरी लपवताय.

"लपयतच होतंय," ती म्हणाली.

"काय?"

तिनं अडकित्ता खाली ठेवला. "पंधरा वर्षांची होतंय, तेव्हा ह्या घरात इलंय. तेरा माणसा होती घरात. न्हाणीत गेलंय तरी भायर कोणतरी हाक मारी. बाळातपणातसुद्दा माका एकटी सोडल्यानी नाय. गावपळण आमची सगळ्यांची सुट्टी म्हणतत, पण चूल माझ्याच मागसून येय." ती थोडं हसली. "एका गावपळणीक कोयतो ऱ्हवलो म्हणान गुपचूप परत गेलंय. आत गेलंय, आणि घर रिकामा. कोण नाय. कोणाक काय नको. बाकड्यार बसलंय. मगे आडवी झालंय. कौलांतसून ऊन येता ता तेव्हा पयल्यांदा बघलंय. घरात इल्यापासून अकरा वर्षा झाली होती."

"मग?"

"मगे दर गावपळणीक. एक दुपार. जास्त नाय." ती बोटं मोजायला लागली आणि मग सोडून दिली. "देवाक म्हायत होता. तोय थय एकटोच असता. त्येना कधी काय म्हटल्यान नाय माका."

तीस-पस्तीस वर्षांत या बाईच्या वाट्याला आलेल्या दुपारी मी मनात मोजत होते. आठ? नऊ? आणि त्यांतली शेवटची मी दारात उभी राहून संपवली होती.

मी उठले. खोपीच्या तोंडाशी जाऊन बाहेर पाहिलं. दादा-वैनी दिसत नव्हते. बाबल तांडेलाची होडी वाळूवर उपडी पडली होती.

"आये, जावा," मी म्हणाले. "आत्ता जावा. मी हात धरून साकवापर्यंत सोडते. कोणी विचारलं तर सांगेन, झोपल्यात. आणि बघितलंच कोणी तर सांगेन, मी पाठवलं. या वेळी सांगेन. खरंच."

तिनं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत. मला वाटतं, तिला माझी थोडी दया आली.

"आता कित्या गो, बाय," ती म्हणाली. "आता गेलंय, बाकड्यार पडलंय, डोळे मिटलंय, तरी दारात तू उभी असतलंस."